मानकऱ्यांचा उंबरा

मानकरी बराकीत शिरताना पाय उचलून टाकत. चांगला वीतभर उंच. खाली काही नसे. पायरी नाही, दगड नाही, उंबरा नाही. सारवलेली सपाट जमीन आणि वरून लोंबणारा गोणपाटाचा पडदा. तरी ते डाव्या हाताने पडदा बाजूला करत, उजवा पाय उचलत, नसलेल्या उंबऱ्यावरून पलीकडे टाकत आणि मगच आत जात. नव्या माणसाला वाटे, यांच्या पायात काहीतरी व्यंग आहे. पोरं त्यांच्या मागून तसाच पाय उचलत चालत. मानकऱ्यांना ते कळे, पण ते कधी रागावले नाहीत.

माझ्या अप्पांनी त्यांना एकदा विचारलंच, की अहो, हे काय करता? मानकरी हसले. म्हणाले, "घर आसा थय उंबरो आसतलोच. आज नाय, उद्या येतलो. पायाची सवय मोडूक नको."

'आज नाय, उद्या' हे त्यांचं पालुपद होतं. नळाला पाणी आलं नाही, आज नाय, उद्या येतला. माझ्या भावाला नोकरी लागेना, आज नाय, उद्या लागतली. आई वैतागून म्हणायची, या माणसाचा उद्या एकदा बघायचाय मला. तिनं तो बघितला. मीही बघितला. इतकी वर्षं झाली, पण जे बघितलं ते अजून मला खरं वाटत नाही.

आमच्या बराकी मुलुंडच्या पूर्वेला, मिठागरांच्या अलीकडे होत्या. लढाईच्या दिवसांत शिपायांसाठी बांधलेल्या, पत्र्याच्या, लांबच लांब. परळची आमची चाळ सरकारनं धोक्याची ठरवून पाडली आणि आम्हा सगळ्यांना इथं आणून टाकलं. मधे फळ्या ठोकून गाळे केले. 'तात्पुरती सोय' हे शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकले. त्या तात्पुरत्या सोयीत पोरं जन्मली, शाळेत गेली, त्यातल्या काहींच्या दाढ्या फुटल्या. उन्हाळ्यात पत्रा असा तापे की भिंतीला टेकायची सोय नसे. मी तेव्हा नुकतीच प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि वर्गातल्या मुलांना 'माझे घर' या विषयावर निबंध लिहायला सांगत होते, याचं आता हसू येतं.

मानकरी आमच्या शेजारच्या गाळ्यात राहत. मधे एक फळी. त्या गाळ्यात एकाच गावचे चार पुरुष होते. मानकरी सगळ्यांत वडील, भांडुपच्या एका कारखान्यात बॉयलरवर काम करणारे. सगळ्यांत धाकटा सदू, तिथंच फिटर. बाकी दोघे पाळीवर जाणारे, त्यांचे चेहरे मला नीट आठवतही नाहीत. मानकरी हे काही त्यांचं नाव नव्हे. मालवणकडच्या त्यांच्या गावी देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराकडे होता, म्हणून सगळे त्यांना मानकरी म्हणत. खरं नाव मी एकदोनदाच ऐकलं आणि ते मला त्यांना शोभत नाही असं वाटलं.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. देवापुढे नारळ ठेवून एकानं उभं राहायचं आणि सगळ्यांच्या वतीनं देवाला खड्या आवाजात मागणं घालायचं. प्रत्येक मागण्याच्या शेवटी जमलेल्या पुरुषांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. यात गंमत अशी, की नुसतं मागून देव ऐकत नाही. जमलेल्यांनी होकार भरला तरच ते मागणं देवाकडे पोचतं. आणि ज्यानं 'व्हय' म्हटलं तो त्या शब्दाला बांधला गेला. निदान मानकऱ्यांचं शास्त्र असं होतं.

ते कशालाही गाऱ्हाणं घालत. कोरड्या नळापुढे त्यांनी नारळ ठेवलेला मी पाहिलाय. माझ्या ट्रेनिंगच्या परीक्षेच्या वेळी आमच्या गाळ्यात येऊन त्यांनी कोपऱ्यातल्या देवांपुढे असं काही गाऱ्हाणं घातलं, की आईला भरून आलं आणि तीच चुलीपाशी उभी राहून मोठ्यानं 'व्हय महाराजा' म्हणाली. मानकरी थांबले. फार मऊपणानं म्हणाले, "वैनी, बायकांनी म्हणूचा नसता." आई ओशाळली. पुढे कितीतरी दिवस सदू तिला वाटेत गाठून हळूच 'व्हय म्हाराजा' म्हणायचा आणि शिव्या खायचा.

मानकऱ्यांची बायको गावी होती. चार पुरुषांच्या गाळ्यात बायको आणणार कुठं? गावचं त्यांचं स्वतःचं घर एका पावसात बसलं होतं, तेव्हापासून ती दिराच्या घरी, जावेच्या चुलीवर राहत होती. मानकरी वर्षातून एकदा गणपतीला जात आणि दरवेळी तिला सांगून येत, की घर मिळालं की तुला घेऊन जातो. मूलबाळ नव्हतं. लग्नाला जितकी वर्षं झाली त्यातले मिळून किती महिने ही दोघं एका छपराखाली राहिली असतील, याचा हिशेब आई करायला बसली आणि मधेच सोडून दिला. त्या माणसाला दुसरं काही नको होतं. एक खोली, तिला दार, आणि त्या दारातून आत येणारी बायको. कुणाला हे मागणं मोठं वाटत असेल तर त्यानं पुढे वाचू नये.

एका हिवाळ्यात खरंच मंत्री आले. बराकींसमोरच्या मोकळ्या जमिनीत मांडव घातला गेला. मंत्र्यांनी चांदीच्या थापीनं कोनशिला बसवली. काळा गुळगुळीत दगड, त्यावर कोरलेली अक्षरं, खाली विटांचा चौथरा. मग भाषण झालं. गरिबांसाठी स्वस्त घरं, प्रत्येकाला दोन खोल्या, नळ घरात, मोरी घरात, आणि भाडं आम्हाला झेपेल असं. पुढच्या दोन वर्षांत. आम्ही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. आई तर तिथंच शेजारणीला सांगायला लागली, की मी मोरीच्या वर फडताळ करून घेणार आहे.

आभार मानायला कुणी उठायच्या आत मानकरी उठले. काळा कोट, डोक्यावर काळी टोपी, हातात नारळ. पोलीस पुढे झाला, पण मंत्र्यांनी हातानं त्याला थांबवलं. मानकऱ्यांनी कोनशिलेपुढे नारळ ठेवला, हात जोडले, आणि त्यांचा तो आवाज मांडवभर घुमला.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्येच्या जागेवाल्या म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाशी जमली आसत. ह्येंच्या डोक्यार छप्पर घाल रे म्हाराजा!"

बराकींतले सगळे कोकणी पुरुष एकदम गरजले, "व्हय म्हाराजा!"

"ज्येणां सबूद दिल्यान, तेका तो पाळूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मंत्र्यांना आधी काही कळेना. शेजारच्या साहेबांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. तेव्हा तेही उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"आणि जो कोण ह्या घरांच्या आड येयत, तेका आपलो उंबरो लाभूक नको रे म्हाराजा!"

या खेपेला मंत्रीही हसत हसत सगळ्यांबरोबर म्हणाले, "होय महाराजा." फोटोवाल्यानं फोटो काढला. लोक खूष झाले.

त्या दिवसापासून मानकऱ्यांना कसलीच शंका उरली नाही. दोन वर्षं गेली, तिसरं गेलं, ते मंत्रीही गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. त्या जमिनीत एक वीट पडली नाही. अप्पा कचेरीतून येताना दर महिन्याला वाकडी वाट करून घरबांधणीच्या खात्यात चौकशीला जात आणि तोंड एवढंसं करून परत येत. आज साहेब दौऱ्यावर, उद्या मंजुरी वर, परवा नकाशा खाली. बराकीतले लोक मोर्चा घेऊन गेले, फाटकाशी घोषणा देऊन घसा बसवून आले. मानकरीही बरोबर जात, पण ते घोषणा देत नसत. ते अप्पांना समजावीत, "भाषणात माणूस कायव बोलता. पण तेणां देवासमोर व्हय म्हाराजा म्हटल्यान. आता तो खंय जातलो?" अप्पा कपाळावर हात मारून घेत.

पुढच्या गणपतीला मानकरी गावी गेले ते येताना खांद्यावर फणसाच्या लाकडाचा एक जाड तुकडा घेऊन आले. त्यांच्या पडलेल्या घराचा उंबरा. बोटीत तो कुठं ठेवायचा यावरून खलाशाशी भांडण झालं होतं म्हणे. सदूनं थट्टा केली, की सरकार आयतं घर देतंय आणि तुम्ही गावाहून लाकडं आणताय. मानकरी म्हणाले, सरकार भिंती देतला, दारव देतला, पण उंबरो कोण देतलो? ते लाकूड मधोमध पायांनी झिजलेलं होतं. त्यांची आई त्यावरून आली, बायकोनंही नवरी होऊन माप ओलांडलं ते त्यावरूनच. गाळ्यात ठेवायला जागा नव्हती, म्हणून मानकरी तो उशाला घेऊन झोपू लागले. फळीपलीकडून सदूचा आवाज यायचा, की मान मोडेल तुमची, मानकरी. मग मानकऱ्यांचं ठरलेलं उत्तर यायचं.

कोनशिलेची राखण त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली. रविवारी जाऊन दगड धुवायचा, भोवतीचं गवत काढायचं, पुढे तांदळाचे चार दाणे ठेवायचे. आम्हाला ते गमतीचं वाटे. पण एकदा पलीकडच्या तबेलेवाल्यानं म्हशी बांधायला त्या जमिनीत खुंट ठोकायला घेतले, आणि सगळ्या बराकी काठ्या घेऊन धावायच्या आत मानकरी तिथं पोचले. त्यांनी नुसता नारळ फोडला आणि दगडापुढे गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. तबेलेवाल्यानं ते मागणं ऐकलं, दगडाकडे पाहिलं, हात जोडले आणि खुंट उपटून नेले. त्या दिवशी मानकऱ्यांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी राहिलं होतं. जागा वाचली होती. सगळे म्हणाले, हा जागेवाला, जागा राखणारा देव, खरा.

मग व्हायचं तेच झालं. कुणाचा तरी ताप उतरला, कुणाची तरी हरवलेली पोर सापडली. दगडाला कुणीतरी शेंदूर लावला. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्यांदा मंत्र्यांच्या नावाआधीची बिरुदं शेंदरात बुडाली, मग नाव बुडालं, मग 'स्वस्त घरे' ही अक्षरं. मिठागरावरच्या लोकांनी वर माडाच्या झापांचं छप्पर घातलं. सोमवारी संध्याकाळी तिथं बायकांची रांग लागू लागली, आईही त्यात असे. अप्पा देवभोळे नव्हते, पण तेही म्हणत, की चला, त्या निमित्तानं जमिनीवर कुणाचा डोळा जाणार नाही.

आणि मग एके सकाळी साखळ्या आणि लाल निशाणं घेऊन मोजणीवाले आले. खरोखरचे. दिवसभर त्यांनी जमीन मोजली, खुंट्या मारल्या. बराकीत त्या दिवशी कुणाचं कामात लक्ष लागलं नाही. मोजणीवाल्यांना कुणी काही विचारलं तर ते एवढंच म्हणत, की साहेब स्वतः येऊन सांगतील. आम्हाला दुसरं काय वाटणार? मानकऱ्यांनी त्याच संध्याकाळी गावी कळवलं आणि पुढच्या बोटीनं त्यांची बायको आली.

लहानशी बाई. ठसठशीत कुंकू, हिरवं लुगडं, हातात बोचकं, त्यात आमच्यासाठी कोकमं आणि कुळथाचं पीठ. ती आमच्या गाळ्यात, आईच्या आणि माझ्या मधे झोपायची. बोलणं जवळजवळ नाहीच. मानकरी सकाळी पडद्याबाहेर उभे राहून खाकरत, मग ती बाहेर जाई आणि दोघं हातभर अंतर ठेवून बोलत. या वयात ती दोघं लाजत होती. आई मला खुणावून हसायची आणि मग डोळे पुसायची.

एका दुपारी ते तिला जमीन दाखवायला घेऊन गेले. मीही गेले, तिनंच मला हाताला धरून नेलं. मानकऱ्यांनी खुंट्यांच्या मधे उभं राहून सांगितलं, इथं भिंत, इथं खिडकी, इथून वारा येईल. ती ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं एकच विचारलं, "चूल खंय?"

मानकऱ्यांनी पायानं माती सारून जागा दाखवली. ती तिथं जाऊन बसली. नुसती बसली, गुडघ्यांभोवती हात घालून, जशी चुलीपुढे बसतात तशी. मानकरी दुसरीकडे बघायला लागले. मला वाटतं त्या बाईनं स्वतःच्या घरात काढलेला वेळ तेवढाच.

साहेब आले ते चार दिवसांनी. जीपमधून, बरोबर दोन कारकून आणि एक पोलीस. सगळ्या बराकी जमल्या होत्या. बायकांनी धुतलेली लुगडी नेसली होती, कुणीतरी साहेबांसाठी हारही आणला होता. साहेब जीपमधून उतरले नाहीत. उभे राहिले, आणि सावकाश, आमच्यावर उपकार केल्याच्या सुरात म्हणाले, की नियोजित जागेवर धार्मिक स्थळ असल्याचं मोजणीत आढळून आलं आहे. लोकांच्या भावना दुखावण्याची सरकारची इच्छा नाही. त्यामुळे इथली योजना रद्द करण्यात आली आहे. तुमचा विचार पुढे होईल.

मी आईकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर अजून आधीचंच हसू होतं, ते काढायचं तिला सुचलं नव्हतं. हारवाला हार धरून तसाच उभा. अप्पांनी मला विचारलं, "काय म्हणाले?" त्यांना ऐकू आलं होतं. आपण ऐकलं ते खरं आहे का, एवढंच त्यांना कुणाकडून तरी हवं होतं. मी आयुष्यात नंतर बऱ्याच वाईट बातम्या ऐकल्या, माझ्या माणसांच्या मरणाच्या ऐकल्या, पण असा धक्का पुन्हा बसला नाही. मरण निदान कुणी चेष्टेनं सांगत नाही.

पहिला आवाज फुटला तो सदूचा. तो जीपला धडकलाच. "साहेब, हा देव नाय. तुमचाच दगड आहे हा. खाली मंत्र्यांचं नाव आहे, खरवडून बघा ना."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "मग खरवड तूच."

सदू तरातरा दगडापाशी गेला. हात उचलला, आणि तो हात तिथंच राहिला. शेंदूर, फुलं, कुणीतरी सकाळी लावलेली उदबत्ती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कुणीही त्याला 'खरवड' म्हटलं नाही. त्याचा हात खाली आला. साहेबांना हेच हवं होतं. ते म्हणाले, "बघा. तुमचीच माणसं हात लावत नाहीत. खाली काय आहे ते राहू द्या, आज इथं देऊळ आहे. कुणी केलं?"

आणि मग मी जे पाहिलं ते जीपमधल्या माणसाच्या बोलण्यापेक्षा वाईट होतं. सगळ्यांच्या माना मानकऱ्यांकडे वळल्या. ज्यांनी तबेलेवाल्याच्या दिवशी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या त्यांच्या, सोमवारी रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांच्या, सगळ्यांच्या. मागून एक बाई म्हणालीच, की यांनीच आमची वाट लावली.

मानकरी पुढे आले. "शेंदूर कोणीव लायलो आसात, साहेब. देव मी बसवलंय."

साहेबांनी कारकुनाकडे मान हलवली आणि जीप निघून गेली. काही पोरांनी मागून दगड मारले. ते धुळीत पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानकऱ्यांनी सगळ्यांना कोनशिलेपाशी बोलावलं. लोक आले, पण लांब उभे राहिले. कोट, टोपी, नारळ, सगळं पहिल्यासारखंच. आवाज मात्र बसला होता.

"बा जागेवाल्या म्हाराजा. तुका हय मी बसवलंय. तू आमची जागा राखलंस, तुझी चूक नाय, चूक माझी. आता तू हयसून ऊठ रे म्हाराजा. दुसऱ्या जाग्यार जा, आणि ही जागा ह्या लेकरांका सोडून दी रे म्हाराजा."

ते थांबले. होकारासाठी.

कुणी बोललं नाही. देवाला जा म्हणायला कोण होय म्हणणार? ज्याची पोर सापडली होती तो? ज्याचा ताप उतरला होता तो? सदू खाली बघत होता. मानकऱ्यांनी पुन्हा तेच म्हटलं, शब्द न शब्द. पुन्हा थांबले. मिठागरावरून वारा येत होता तेवढाच आवाज. त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं, आणि या खेपेला त्यांचा आवाज मधेच चिरला.

"व्हय म्हाराजा."

आमच्या बायकांच्या घोळक्यातून, माझ्या अगदी शेजारून. त्या लहानशा बाईनं डोक्यावरचा पदर सावरला होता आणि ती सरळ दगडाकडे बघत होती. बायकांनी म्हणायचं नसतं हे तिला माझ्या आईपेक्षा चांगलं ठाऊक होतं. मानकरी वळून तिच्याकडे बघत राहिले. तो चेहरा मी सांगू शकत नाही. मग त्यांनी नारळ न फोडताच उचलला आणि तिच्या हातात दिला. एकटीच्या होकारानं देव उठत नाही, हेही त्यांचं शास्त्रच होतं. त्यांनी शेंदराला बोट लावलं नाही.

संध्याकाळी अप्पा त्यांना समजवायला गेले. सरकारला नुसतं निमित्त हवं होतं मानकरी, दगडाला शेंदूर नसता तर दुसरं काही सापडलं असतं. मानकऱ्यांनी मान डोलावली, पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. मंत्र्यांसमोर घातलेलं गाऱ्हाणं त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं. जो कोण आड येयत, तेका आपलो उंबरो लाभूक नको. "माझ्याच तोंडान मागलंय," ते अप्पांना म्हणाले, "आणि देवान ऐकल्यान." मी फळीपलीकडून ऐकत होते आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अहो, त्या मंत्र्यानंही होय म्हटलं होतं ना?

आठवड्याभरात ती दोघं गावी निघाली. नोकरी सोडून. जावेच्या घरी का होईना, एका छपराखाली, असं तिनं आईला सांगितलं. निघताना मानकऱ्यांनी उंबरा खांद्यावर घेतला. आम्हाला वाटलं, परत नेतायत. पण ते धक्क्याकडे जायच्या वाटेला न लागता आधी कोनशिलेकडे गेले. झापांच्या छपराखाली, दगडाच्या पुढ्यात, त्यांनी तो फणसाचा उंबरा नीट आडवा ठेवला, हातानं माती सारखी केली, दोन्ही बाजूंना दगड लावून पक्का केला.

"घर तुकाच गावला म्हाराजा. उंबरोय घे."

टोपी काढली, पुन्हा घातली, आणि चालू लागले. ती त्यांच्या मागून, हातभर अंतर ठेवून. दोघांनीही वळून पाहिलं नाही. त्या गाळ्यात दुपारच्या आत दुसरं कुटुंब आलं.

दोनच वर्षांनी त्या जमिनीवर बांधकाम सुरू झालं. सरकारी साहेबांसाठी बंगले. छान, टुमदार, पुढे बाग, मागे नोकराची खोली. देवळाचं काय, म्हणाल तर काही नाही. कुंपणाची भिंत तेवढ्यापुरती वळवून दगड बाहेर ठेवला होता. चार हातांचं काम. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रस्त्यातच उभी राहिले, हातातली मुलांच्या वह्यांची पिशवी खाली पडली तरी उचलायचं सुचेना. चार हात भिंत वळवून जे झालं असतं, त्यासाठी एका माणसाला त्यांनी देवाच्या तोंडी दिलं होतं. अप्पा म्हणाले, मानकऱ्यांना कळवू नकोस. मी कळवलं नाही. गावी गेल्यावर ते फार दिवस जगले नाहीत, हे सदूकडून पुढे कळलं.

आम्हाला खोली मिळाली ती कितीतरी वर्षांनी, दुसरीकडे, अप्पा गेल्यानंतर. मुलुंडला जाणं झालं की मी तिकडे एक फेरी मारते. तुम्हीही त्या वाटेनं गेला असाल. आता पक्कं देऊळ आहे, पांढऱ्या फरशीचं, घंटा आहे, पुजारी आहे. जागेवाला घराच्या नवसाला पावतो अशी ख्याती आहे. लग्न झालेली जोडपी येतात, खोली मिळू दे म्हणून नारळ बांधून जातात. शेंदराखाली काय कोरलंय हे कुणाला ठाऊक नाही, मी एकदा पुजाऱ्याला सांगून पाहिलं तर तो मी वेडी असल्यासारखा माझ्याकडे बघायला लागला.

फरशी घालताना दाराशी तो फणसाचा उंबरा मात्र त्यांनी तसाच ठेवला आहे. जुना आहे, जागृत आहे म्हणतात. आत जाणारे वाकून त्याला हात लावतात, तो हात कपाळाला लावतात. मी हात लावत नाही. देवाला नमस्कारही करत नाही. मी फक्त उजवा पाय उचलते, चांगला वीतभर उंच, आणि त्यावरून पलीकडे टाकते.